चार महिन्यांची ज्येष्ठता

४ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी अकरा वाजता आमची चंदोल एअर संपली. विमानं उडतायत, अकराच्या अकरा, पण आता ती सप्तरंग एअरलाइन्सची. मेलमध्ये लिहिलंय, 'दोन कुटुंबं एक होत आहेत.' नवऱ्याला वाचून दाखवलं तर स्वानंद म्हणाला, "सून कोण, ते लिहिलंय का?"

लिहिलंय, पाचव्या परिच्छेदात. मुंबई बेसला आम्ही केबिन क्रू एकशे नव्वद जण आहोत. एक ऑक्टोबरपासून चौसष्ट उरणार. बाकीच्यांनी हैदराबाद, कोची किंवा बागडोगऱ्याला जायचं. लेकाने, अद्वयने, बागडोगरा नकाशात शोधलं, पार दार्जिलिंगच्या पायथ्याशी. मला शोधायची गरज नव्हती. तिथे मी चाळीस मिनिटं थांबते, दार उघडते, दार लावते. तिथे कुणी राहतही असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

कोण राहणार आणि कोण जाणार, हे ज्येष्ठतेने ठरेल. आमच्यात सगळंच ज्येष्ठतेने ठरतं. दिवाळीत घरी कोण, पुढच्या दारापाशी साडी सावरत हसणार कोण आणि मागच्या टॉयलेटपाशी ट्रॉल्या ढकलणार कोण. सोळा वर्षं झाली मला, त्यामुळे काळजी नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

काळजी आहे.

दोन्ही कंपन्यांची मिळून कच्ची यादी आली. चौसष्टावी रचना साळवे. पासष्टावी मी.

रचना आणि मी एकाच दिवशी लागलो, २००९ च्या फेब्रुवारीत. ती कल्याणची, मी ठाण्याची, त्यामुळे कंपनीची गाडी आधी तिला घेते, मग मला. सोळा वर्षं एका गाडीत झोपा काढल्यात आम्ही. आता नियम असा, की एकाच दिवशी लागलेल्यांमध्ये जी वयाने मोठी ती ज्येष्ठ. तिची तारीख १२ मार्च ८६, माझी १ जून ८६. ब्रीफिंगला सगळ्यांसमोर मी तिला 'आमच्या थोरल्या ताई' म्हणायचे. तेव्हा ती नुसती हसायची. आता कळतंय, फार महाग पडलेला विनोद आहे.

गंमत अशी, की १ जून ही माझी शाळेतली तारीख. जन्म ३ फेब्रुवारीचा. घरी वाढदिवस फेब्रुवारीतच होतो. कंपनीत मी याचा कधी उच्चार केला नाही, कारण कुठली बाई आपणहून चार महिने मोठी होते? पण आता व्हायला हवं. मी रचनापेक्षा तब्बल सदतीस दिवसांनी मोठी आहे आणि हे सिद्ध करायला माझ्याकडे दोन आठवडे आहेत. हरकती वीस तारखेपर्यंत.

मला बागडोगऱ्याला जाणं शक्यच नाही. अद्वयची दहावी आहे, बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि स्वानंदला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

दुपारच्या ड्यूटीला गाडीत रचना. मला वाटलं, बोलणार नाही. उलट माझ्यासाठी मानेखालची उशी ठेवली होती. मी विचारलं, "पाहिलीस यादी?"

"पाहिली ना. चौसष्टांतली चौसष्टावी म्हणजे काय, माहितीये का तुला? रोज स्टँडबाय. युनिफॉर्म घालून घरी बसायचं, फोन आला की पळायचं. आपल्या मागे कुणीच नाही ना, म्हणजे जे कुणाला नको ते आपल्याला." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "बागडोगऱ्याला बावीसच जण असणार. सगळी पोरं-पोरी नवीन. तिथे मी वरून पहिली असेन."

"मग जा ना."

"बघते," म्हणाली आणि झोपली.

मी ऐरोलीच्या पुलापर्यंत जागी. काय डोकं आहे. मला द्राक्षं आंबट आहेत हे पटवायचं, म्हणजे मी हरकत घेणार नाही आणि ही आरामात चौसष्टावी. सोळा वर्षांत मी हिला ओळखलंच नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

डोंबिवलीला आई-बाबांकडे गेलेले. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना अजूनही मी हात पाठीमागे बांधते.

मला पहिलीत घालताना त्यांनीच १ जून लिहिलं होतं. मुलगी मोठी होऊन सरकारी नोकरीला लागली तर चार महिने उशिरा निवृत्त होईल, चार पगार जास्त मिळतील, एवढाच हेतू. पोरीचे दुधाचे दात पडायचे होते आणि बापाला तिच्या निवृत्तीची चिंता.

मी सांगितलं, पालिकेतून जन्माचा दाखला आणते, तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, की शाळेतली तारीख चुकीची आहे.

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी खोटं लिहिलं, असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं."

"खोटं नाही हो बाबा. चूक झाली, असं."

"चूक नव्हती ती. मी विचार करून लिहिलं होतं."

"मग तसं लिहा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "विचार करून खोटं लिहिलं."

बाबा जेवले नाहीत नीट. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना खरं बोलायला शिकवलं. एका मुलाने हजेरीपुस्तकात खाडाखोड केली म्हणून त्याला त्यांनी सहलीला नेलं नव्हतं, हे ते आज आपणहून सांगत होते. मला वाईट वाटलं. पण दाखल्याचा अर्ज मी त्याच दुपारी भरून टाकला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पालिकेचा दाखला तीन दिवसांत मिळाला. खिडकीवरच्या बाईंनी जुनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि मी सापडले. ३ फेब्रुवारी, स्त्री. नावाची जागा रिकामी. तेवढ्यापुरतं मला उगीच भरून आलं.

बाबा तयार झाले. प्रतिज्ञापत्र मात्र त्यांनी स्वतःच लिहिलं, तीन पानं. त्यात त्या काळची परिस्थिती, पित्याचं कर्तव्य, मोहाचं स्वरूप, असं सगळं. नोटरी त्यांचाच विद्यार्थी निघाला. वाचून म्हणाला, "सर, चार ओळी पुरतात."

"कमी लिहिलं तर लपवल्यासारखं होईल," बाबा म्हणाले.

शेवटी चार ओळी टाइप झाल्या आणि तीन पानं मागे जोडली. सही करताना बाबांनी पेन दोनदा बदललं. वयामुळे असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मी जे केलं, ते स्वानंदलाही सांगितलेलं नाही. कल्याणपलीकडे मोहन्याला गेलेले.

विचार असा, की माझी तारीख खोटी असू शकते तर रचनाची का नाही? तिची खरी तारीख जुलै-बिलै निघाली तर विषयच संपला. रचना फ्लाइटवर होती, हे मी रोस्टर बघून ठरवलं होतं. मलई बर्फीचा बॉक्स घेतला आणि 'इकडून जात होते' म्हणत तिच्या आईकडे, शालनमावशींकडे. मोहन्यावरून कुणी कुठेही जात नसतं, पण त्यांनी आत घेतलं.

बसवलं. भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. आमच्या घरी वर्ज्य आहे, पण वर्ज्य घरातच पाळायचं असं माझं धोरण आहे. खोलीत दोन नव्या कोऱ्या बॅगा, वर दुकानाच्या पिशवीत लोकरीच्या टोप्या आणि पायमोजे. ऑगस्टमध्ये. मावशी म्हणाल्या, "काय गं, लांबच्या गावाला गेलं तर गॅसचं सिलिंडर लवकर मिळतं का?"

"कुठे जाताय मावशी?"

"जाते कुठं. अशीच विचारते."

बोधगयेला निघाल्या असतील, थंडीत बरीच मंडळी जातात. मी विषय वळवला. म्हटलं, "मावशी, रचना झाली तेव्हा तुम्ही इथेच होतात?"

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "इथंच. तिचे वडील कारखान्यात पाळीला होते. चवदार तळ्याच्या दिवसाला आठ दिवस राहिले होते, आम्हाला महाडला जायचं होतं ते राहिलं. बारा मार्च." मग न मागता उठल्या, कपाटातून फाइल काढली. दवाखान्याचा कागद, पालिकेचा दाखला, शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये. "हे सांगायचे, शालन, भाकरी एक वेळ नसली तरी चालेल, कागद पाहिजे. आपल्याला कुणीबी कधीबी विचारतं." सगळ्या कागदांवर बारा मार्च. "फोटो काढायचा तर काढ," म्हणाल्या.

मी कशाला काढू, म्हटलं. त्यांना काही संशय आला नाही, हे बरं झालं. निघताना चटणीची बाटली दिली.

२० ऑगस्ट, बुधवार

हरकत दाखल केली. दाखला, प्रतिज्ञापत्र, बाबांची तीन पानं. शेवटी एक ओळ वाढवली: 'समान रुजू दिनांक असलेल्या इतर कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखाही मूळ कागदपत्रांवरून तपासाव्यात, ही विनंती.' कुणाचं नाव घेतलेलं नाही. तारीख बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण तपासणीत कधी कधी वेळ जातो, आणि वेळ गेला तर काय सांगावं.

पाठवल्यावर ओळ परत वाचली. काढून टाकावीशी वाटली. तोवर गेलेली.

संध्याकाळी गाडीत रचनाला सहज म्हटलं, "आज शेवटचा दिवस होता ना."

"माझा फॉर्म पहिल्याच दिवशी भरून झाला," ती म्हणाली.

म्हणजे माझ्याआधीच हरकत घेऊन मोकळी. आणि माझं मन इकडे मला खात बसलं होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपती झाले. मधे काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं.

घरी एक वेगळंच चाललंय. मी गेले तर कसं करायचं, याची स्वानंदने तयारी सुरू केली आहे. फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. सोमवार पोहे, मंगळवार खिचडी. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या ऑफिसात कुणी तरी त्याला अप्पेपात्र दिलं, त्यात त्याने आज अप्पे केले. चांगले झाले होते. अद्वय गजर लावून स्वतः उठतो आणि डबा स्वतः भरतो. "तुम्ही मला घालवायलाच बसलायत," असं मी म्हटलं तर स्वानंद म्हणाला, "अगं, बागडोगरा म्हटलं की तुझा चेहरा खुलतो, म्हणून म्हटलं, तयारीत असावं."

काहीही. माझा चेहरा कशाला खुलेल. हां, परवा स्वप्नात मात्र मी एका रिकाम्या खोलीत एकटी चहा पीत बसलेले आणि कुणीही मला काहीही विचारत नव्हतं. पण त्यात काय, चहा चांगला दिसला इतकंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

जिंकले.

पक्की यादी आली. मुंबई, क्रमांक चौसष्ट: मी. रचना बागडोगऱ्याला. बाबांना फोन केला, ते म्हणाले, "सत्य उशिरा का होईना." घरी सांगितलं तेव्हा स्वानंदने फ्रिजवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं, मग म्हणाला, "वा, छान." अप्पेपात्र ओट्यावरून वरच्या फडताळात गेलं.

संध्याकाळी कंपनीचं पत्र नीट वाचलं. ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला पुन्हा उघडायला नको. एक, सेवेत रुजू होताना दिलेली जन्मतारीख ज्येष्ठतेसाठी बदलता येत नाही, सबब हरकत फेटाळली आहे. दोन, क्रमांक ६४ वरील कर्मचारी रचना साळवे यांनी दि. ४ ऑगस्ट रोजीच स्वेच्छेने बागडोगरा मागितल्याने ती जागा आपोआप आपल्याकडे येत आहे. तीन, आपण शपथेवर कळवलेली खरी जन्मतारीख मात्र निवृत्तीसाठी नोंदवून घेतली आहे. आपण जूनअखेरऐवजी २०४४ च्या फेब्रुवारीअखेर निवृत्त व्हाल.

चार ऑगस्ट. यादीसुद्धा तेव्हा आलेली नव्हती.

बाबांना तिसरा मुद्दा सांगितलेला नाही. त्यांनी मला आयुष्यात एकदाच काही तरी नियमाबाहेर जाऊन दिलं होतं, ते मी नेऊन परत केलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

रचना आज गेली. केक कापला म्हणे ऑफिसमध्ये, मी रजेवर होते. रजा मी कालच टाकली होती. तिचा मेसेज नाही, माझाही नाही. गेला महिनाभर ती वेगळ्या गाडीने येत होती. मला वाटलं होतं, रोस्टर जमत नसेल. आमच्या बेसवरची कल्पिता फोनवर म्हणाली, रचनाला सुट्टीच्या दिवशी सगळे मूळ कागद घेऊन ऑफिसात बोलावलं होतं. सकाळी गेली ती चार वाजता सुटली. कुणी तरी तपासणी मागितली होती, असं कळलं. "कोण असेल गं?" कल्पिताने विचारलं.

मी म्हटलं, काय माहीत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सकाळी सहापासून लिपस्टिक लावून सोफ्यावर बसले आहे. स्टँडबाय. या महिन्यात सतरा दिवस अशी बसले, पैकी अकरा वेळा फोन आला. फोन आला की पळायचं, नाही आला की तेल-उटण्याचं सोडा, कांदासुद्धा चिरायचा नाही, हाताला वास येतो. फराळ स्वानंदने केला. चकल्या बिघडल्या, पण त्याला काही वाटलं नाही. मला ओवाळायला बसवलं तेव्हा मी नेमप्लेट लावून होते.

चौसष्टांतली चौसष्टावी. माझ्या मागे कुणीच नाही. हे मला कुणी तरी आधीच स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि मी ते कपट म्हणून इथे लिहून ठेवलंय. मागची पानं वाचायची नाहीत असं ठरवलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार. बागडोगरा

स्टँडबायमधून फोन आला आणि आज दुपारी इथे उतरले. मुक्काम आहे. दार उघडलं तर शिडीखाली रचना. बेसची मुख्य झाली आहे. जाकीट छान दिसत होतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "आई जेवायला बोलावतेय. हॉटेलात जाऊ नकोस." हुकूमच तो, मी गेले.

दोन खोल्यांचं घर, मागे चहाचे मळे. शालनमावशी लोकरीची टोपी घालून भाकऱ्या थापत होत्या. म्हणाल्या, "बस गं. सिलिंडर मिळतं इथं लवकर."

जेवण झाल्यावर रचना म्हणाली, "ती ओळ तूच लिहिलीस ना."

मी काही तरी सुरुवात केली, नियम, सगळ्यांच्याच तारखा, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऋजू, तू मला विचारलं असतंस तर गाडीतच सांगितली असती तारीख. आईकडे गेलीस, ते पण मी हसण्यावारी नेलं. पण शाळेत, कॉलेजात, इंटरव्ह्यूला, प्रत्येक दारात माझे कागद उलटसुलट करून बघणारं कुणी ना कुणी होतंच. खरे आहेत का, तुझेच आहेत का. त्या रांगेत तू नको होतीस."

मी म्हटलं, "तारीख खरी आहे हे मला माहीत होतं. तरी लिहिलं."

"हे तर अजूनच वाईट," ती म्हणाली.

"हो."

मावशी मध्ये पडल्या नाहीत. भांडी आवरत राहिल्या. मी चुकले म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा भांड्यांच्या आवाजात ऐकू गेलं नाही. रचना म्हणाली, "ठीक आहे," पण ते ठीक नव्हतं, निदान अजून नाही. मग तिने विचारलं, "बाबांनी खरंच तीन पानं लिहिली?" मी त्यातला मोहाच्या स्वरूपाचा उतारा पाठ म्हणून दाखवला. ती हसली नाही, पण तिने तोंड फिरवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इथे साडेनऊ तास झोपले. शेवटचं असं कधी झोपलेले, आठवत नाही.

परतीच्या विमानात त्यांच्या क्रूमधला एक मुलगा आजारी पडला म्हणून रचना स्वतः आली. इनचार्ज ती. ब्रीफिंगमध्ये जागा वाटल्या: पुढचं दार ती, मधे दोन नव्या मुली, आणि माझ्याकडे न बघता, "मागची गॅली, ऋजुता." टॉयलेटशेजारची. नव्या मुली चपापल्या, सोळा वर्षं नोकरी झालेल्या बाईला तिथे कुणी टाकत नाही. मी "येस मॅम" म्हटलं आणि गेले. पावणेतीन तास ट्रॉल्या ओढल्या. एका काकांना तीन वेळा लिंबू दिलं. राग आला नाही, याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

उतरायच्या आधी रचना मागे आली. इनचार्ज कधी मागे येऊन बसत नाही. ती माझ्या शेजारच्या घडीच्या जंपसीटवर बसली, दोन कप चहा ओतला.

"मार्चअखेर आमच्याकडे दोन जागा निघतायत," म्हणाली. "एक जण लग्न करतोय, एकीला परत जायचंय."

"मला कशाला सांगतेस? माझं घर आहे, सगळं आहे."

"तुला विचारत नाहीये. माहिती दिली."

मी म्हटलं, शक्यच नाही. ती म्हणाली, बरं. आम्ही चहा प्यायलो.

संध्याकाळी घरी पोचले. स्वानंदने आमटी केलेली, मीठ बरोबर होतं. अद्वय अभ्यासाला बसला होता. त्याला विचारलं, "शेवटचा पेपर किती तारखेला आहे रे तुझा?"

"अठरा मार्च. का गं?"

"सहज," म्हटलं.